समुद्रावर मी भरलेले तास

समुद्र पाहण्याआधी दोन वर्षं मी समुद्रातल्या बोटींवर नजर ठेवत होते, तीही सीताबर्डीवरच्या एका दुसऱ्या मजल्यावरून. खाली उसाच्या रसाचं दुकान, वर आमची कंपनी. खिडकीतून दिसणारं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे समोरच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी. अशा बाईने समुद्राचा प्रोग्राम लिहावाच कशाला, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी भांडले असते. आता भांडणार नाही. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात मी विशाखापट्टणमला जाऊन आले. ओळखीचे विचारतात, कसा होता समुद्र? मी "मोठा होता" म्हणते आणि विषय बदलते. इथे बदलणार नाही.

आधी माझं काम काय ते सांगते. विशाखापट्टणमच्या एका कंपनीचे कोळंबी पकडणारे दहा-बारा ट्रॉलर आहेत. प्रत्येकावर डब्यासारखं एक यंत्र बसवलं आहे. त्याचा संदेश वरून जाणारा उपग्रह टिपतो आणि बोट त्या क्षणी कुठे होती ते कळतं. पण उपग्रह काही बोटीच्या डोक्यावर ठाण मांडून बसत नाही. एकदा गेला की पाच-सहा तास फिरकत नाही. त्याने टिपलेले आकडे टेलेक्सने कंपनीच्या ऑफिसात येतात, तिथला कारकून ते कॉम्प्युटरवर टाइप करतो आणि माझा प्रोग्राम पडद्यावर किनारा काढून त्याच्यापुढे बोटींचे ठिपके मांडतो. रोजचा तक्ता छापूनही देतो.

प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवायला मला जायचं होतं. आई म्हणाली, एकटी नाही जायचं. बाबांकडे रेल्वेचा पास होता, निवृत्तीनंतरचा भरपूर वेळ होता आणि समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. संत्र्यांची एक टोपली घेऊन आम्ही दोघं निघालो.

बेजवाडा, शनिवार

गाडीत बाबांनी बल्लारशा येईपर्यंत अख्ख्या डब्याला माझी ओळख करून दिली. "माह्या पोरीनं जहाज पाहाचं यंत्र बनवलं. जहाज तिकडं दर्यात, आन् पोरगी इकडं नागपुरात. अथून सांगते कोनतं कुठी हाय थे!" मी खिडकीबाहेर बघत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

प्रोग्रामच्या फ्लॉपी वाकू नयेत, त्यांना धूळ लागू नये म्हणून बाबांनी त्या चपट्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या. बेजवाड्याला, म्हणजे विजयवाड्याला, गाडी बदलायची म्हणून आम्ही फलाटावर बसलो होतो, तेव्हा शेजारच्या एका तेलुगू आजीबाईंनी आम्हाला पुलिहोरा दिला. म्हणजे चिंचेचा पिवळा भात, वर खमंग शेंगदाणे. एवढं आपुलकीने खायला घातलं म्हणून बाबांनी घाईघाईने जेवणाचा समजून तोच डबा त्यांच्यापुढे उघडला, तर आत पाच काळ्या चौकोनी चकत्या. आजीबाईंनी एकदा डब्यात पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि आणखी दोन मुठी भात वाढला. बाबांनी शरमून सहा संत्री दिली.

विशाखापट्टणम, रविवार

सुटीचा दिवस, ऑफिस बंद. सकाळीच किनाऱ्यावर गेलो. उतारावरून रस्ता वळतो आणि घरांच्या मागे एकदम आभाळ सुरू होतं. मला आभाळच वाटलं, पण ते पाणी होतं. माझ्या पडद्यावर तो काळा रिकामा चौकोन होता. प्रत्यक्षात तो एक क्षण गप्प बसत नव्हता.

बाबा बूट-मोजे घालून सरळ पाण्याकडे गेले. लाट आली, घोट्यापर्यंत भिजवून गेली. ते खाली वाकले, चुळकाभर पाणी तोंडात घेतलं आणि माझ्याकडे वळून ओरडले, "खारटच हाय वं! मले वाटत होतं लोकं वाढवून सांगते!"

दुपारी खानावळीत केळीच्या पानावर भात, पुन्हा भात आणि शेवटी दह्यासाठी भात. बाबांनी दोन्ही हातांनी आकार दाखवून वेटरला भाकरी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने पापड आणून दिला. आपल्याकडे सावजी रश्श्याने घाम फुटतो म्हणून आपण मिशीला पीळ देतो, पण इथलं अंबाडीचं लोणचं जिभेला लागलं तेव्हा बाबांची मिशी खाली आली. त्या दिवशी आम्ही फार हसलो. पुढच्या दिवसांबद्दल लिहिताना त्या हसण्याचीच लाज वाटते.

सोमवार

कंपनीचे व्यवस्थापक मूर्तीसाहेब अगदी सौम्य, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ. मी मशीनवर नवी आवृत्ती चढवली, कारकुनाला दाखवली. मग त्यांनी सगळा स्टाफ जमवून माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. बाबांना पहिल्या खुर्चीवर बसवलं. साहेब इंग्रजीत बोलले. मराठीत सांगायचं तर, "या मुलीच्या यंत्राने आमच्या कंपनीतला पहिला चोर पकडला."

टाळ्या झाल्यावर त्यांनी एक फाइल उघडून मला दाखवली. सात नंबर ट्रॉलरचा कप्तान, नाव नूकराजू. दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी दोन वाजता तो खोल समुद्रातून निघून स्वतःच्या मूळ गावाच्या किनाऱ्यालगत आला होता. अशा वेळी गावातल्या छोट्या होड्या ट्रॉलरला भिडतात आणि कोळंबी परस्पर उतरवली जाते, असं साहेब म्हणाले. कप्तान शपथेवर नाही म्हणत राहिला. पण आकाशातून दिसलेल्या गोष्टीपुढे त्याची शपथ कोण ऐकणार? त्याला बोटीवरून उतरवलं. तक्त्यातल्या दोन वाजताच्या ओळीभोवती लाल पेन्सिलीचं कडं होतं.

मी ती ओळ पाहिली आणि हातातला नारळ जड झाला.

कारण उपग्रहाला घड्याळाच्या काट्यावर येण्याची हौस नसते. त्याची वेळ कधी दहा बावन्न असते, कधी चार अठरा. त्या तक्त्यात सात नंबरच्या त्या दुपारच्या आसपासच्या खऱ्या नोंदी या दोनच होत्या, सकाळी दहा बावन्न आणि दुपारी चार अठरा. मधल्या अकरा, बारा, एक, दोन, तीन आणि चारच्या ओळी उपग्रहाने पाठवल्या नव्हत्या. त्या मी भरल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी हेच मूर्तीसाहेब नागपूरला प्रोग्राम बघायला आले, तेव्हा म्हणाले होते की बोटी बेडकासारख्या उड्या मारतात, दर तासाला कुठे आहेत ते हवं. आमचे सर म्हणाले, देऊ की. मी दोन खऱ्या ठिपक्यांमध्ये सरळ रेषा ओढली, तिचे तासांप्रमाणे सारखे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला एक ओळ दिली. सुरुवातीला अशा ओळीपुढे मी चांदणीची खूण छापत असे, अंदाज आहे एवढं कळावं म्हणून. साहेबांनी विचारलं, ही चांदणी कसली? तक्ता अस्वच्छ दिसतो. मी ती काढून टाकली. कोणी माझा हात धरून काढायला लावली नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

आणि त्या गावाजवळ किनारा पोटासारखा पुढे आला आहे. वरच्या बाजूच्या ठिपक्यापासून खालच्या ठिपक्यापर्यंत सरळ रेषा ओढली की ती त्या पोटाला घासून जाते. बोट कशाला घासत जाईल? ती बाहेरून वळसा घेऊन जाते. मूर्तीसाहेब माझ्याकडे हसून बघत होते, बाबा पहिल्या खुर्चीवर ताठ बसले होते. मी "थँक यू सर" म्हणाले.

मंगळवार

सकाळी मी ऑफिसात असताना बाबा एकटेच मासेमारीच्या बंदरावर फिरायला गेले आणि दुपारी एका माणसाच्या घरचं जेवणाचं आमंत्रण घेऊन आले. जाळी विणणारा कोणी होता. बाबा चपला घालून पसरलेल्या जाळ्यावरून चालायला लागले, तेव्हा त्याने त्यांना हाताला धरून बाजूला केलं होतं. जाळ्याला चप्पल लागू देत नाहीत, आपण पुस्तकाला पाय लावत नाही तसं. मग त्याच्या मोडक्या हिंदीत आणि बाबांच्या नागपुरी हिंदीत दोन तास गप्पा झाल्या. "भल्ला आदमी हाय," बाबा म्हणाले. "कप्तान होता म्हने मोठ्या बोटीचा. आता जायी शिवून राहिला. काहून, तर थे म्या इचारलं नाई."

मी विचारलं, नाव काय? नाव ऐकल्यावर मी डोकं दुखतं असं सांगायला हवं होतं. पण बाबा आधीच बाहेर जाऊन उभे होते.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर, दारात पांढरी रांगोळी. नूकराजू पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा. त्याच्या बायकोने चिंचेच्या रश्श्यातले मासे वाढले, भाताचा डोंगर केला. मी पहिला घास घेतला आणि बाबांनी, बाबाच ते, अभिमानाने सांगून टाकलं, "वो जहाज देखने का मशीन है ना, कंपनी में? मेरी बेटी ने बनाया!"

वाढणारा हात थांबला. नूकराजूने बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं, बहुधा वाढ म्हणून. मग माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"अम्मा, मेरे को एक बात बताओ. ऊपर से मैं किधर दिखा?"

मी पानातल्या माशाचे काटे काढायला लागले.

"मैं तो बाहर था. गहरा पानी में. मेरा कंपास वैसा बोला, मेरा आदमी लोग वैसा बोला. पर मशीन बोलता, दो बजे मैं गाँव के सामने था. मशीन को मेरे से क्या दुश्मनी? तो मैं सोचता, मेरे में ही कुछ बिगड़ गया. अभी बाजार जाता हूँ तो भी दो बार देखता, उत्तर किधर है."

त्याची बायको दाराशी उभी राहून हळू बोलली, त्याने ते हिंदीत सांगितलं. गल्लीच्या नळावर बायका तिला रांगेत घेत नाहीत. चोराची बायको, सगळ्यांचं झाल्यावर भर, म्हणतात. ती दुपारी उन्हात जाऊन भरते.

त्याच वेळी, त्याच पानावर सांगून टाकायला हवं होतं. बिघडलंय ते तुमच्यात नाही, माझ्यात आहे. एवढं एक वाक्य. मी आणखी थोडा भात मागितला.

परत येताना समुद्राच्या बाजूने चालत होतो, पण दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. मग बाबांनी विचारलं, "कोनं कळवलं दोन वाजता थो तिथं होता म्हून?"

"कोनीच नाई, बाबा. म्या रेष मारली. सकाळच्या जागेपासून चारच्या जागेपर्यंत. तुम्ही चार्टावर मारत होते न, तशी."

बाबा नागपूरच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात होते. कामठीने टेलिफोनवर गाडी सोडल्याची वेळ सांगायची, कन्हानने पोहोचल्याची, आणि बाबांनी मोठ्या कागदावर दोन वेळा रेषेने जोडायच्या. लहानपणी डबा द्यायला गेले की मी त्या कागदावरच्या तिरक्या रेषा बघत बसायची. प्रोग्राम लिहिताना मला तोच कागद आठवला होता आणि आपण बाबांचं काम पुढे नेतोय म्हणून छाती फुगली होती.

"गाडी रुळावरून जाते वं बाई," बाबा म्हणाले. "थे कुठी जाईन दुसरीकडं? तरी बी अंदाजाची रेष आमी पेन्सिलीनं मारत होतो. टेसनानं कळवलं का मंग शाई." थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "तुयी पेन्सिल कोनती होती?"

मी चांदणीची गोष्ट सांगितली. कोणी आणि कशासाठी काढली, तेही. ते रागावले नाहीत. फक्त तेव्हापासून गाडीत बसेपर्यंत त्यांनी माझी ओळख कोणालाच करून दिली नाही. खोलीचा मालकसुद्धा विचारत होता, मुलगी काय करते म्हणून. "नोकरी करते," म्हणाले.

बुधवार

सकाळी ऑफिसमधून सरांना नागपूरला ट्रंक कॉल लावला. सर म्हणाले, "सुनंदा, कोनाले काही सांगू नको. वापस ये. पुढच्या व्हर्जनमध्ये चांदनी टाकून देऊ."

तरी मी मूर्तीसाहेबांच्या खोलीत गेले. हे शौर्य म्हणून सांगत नाही. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते, त्यांच्यासमोरून न सांगता परत जाणं मला जमलं नसतं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, लाल कड्याची ओळ पाहिली, गंध पुसलं जाईल इतकं कपाळ चोळलं. म्हणाले, हा तक्ता मी वरपर्यंत दाखवला आहे. यंत्र चुकलं असं मी आता लिहू शकत नाही आणि तुमच्या कंपनीलाही ते परवडणार नाही. माणूस मात्र कामाचा आहे. त्याने माफी मागावी, मी मोठ्या मनाने त्याला परत घेतो.

त्यांनी तिथल्या तिथे माफीपत्र टाइप करवून घेतलं. इंग्रजीत चार ओळी, माझ्या हातून घडलेल्या गैरवर्तनाबद्दल मी क्षमा मागतो, पुन्हा असं होणार नाही. "तुम्हीच नेऊन द्या," साहेब म्हणाले, "त्याला बरं वाटेल." आणि मी तो कागद घेतला.

बंदरावर नूकराजू जाळ्यात बसला होता. बाबांनी या वेळी चपला लांब काढल्या. मी म्हटलं, साहेबांनी परत घेतलंय, इथे सही करा. त्याने विचारलं, काय लिहिलंय? मी हिंदीत सांगितलं. त्याने मान डोलावली, पण पेन हातात घेतलं नाही.

"पहले बोलो अम्मा. मैं उधर था?"

"नहीं थे," मी म्हणाले.

"मशीन ने देखा?"

"किसी ने नहीं देखा. वो दो बजे का... वो अंदाज था."

त्याने डोळे मिटले. खांदे खाली आले. मला वाटलं आता ओरडेल, कागद फाडेल. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. त्याचं डोकं ठिकाणावर होतं, उत्तर दिशा जिथे होती तिथेच होती. मग त्याने सही केली. म्हणाला, बोट हवी, सही गेली तर जाऊ दे.

कागद परत देताना त्याने माझा हात धरला. "एक काम करो. मेरे साथ गल्ली में चलो. नल पे औरत लोग है, उनको बोलो, जो मेरे को बोला. मैं बोलेगा तो कौन मानेगा? तुम मशीनवाली हो."

नळावर जमलेल्या बायका माझ्या डोळ्यांपुढे आल्या. ती हंडे घेऊन उभी असेल, त्याची बायको. तिच्या हातचं मी मागून खाल्लं होतं. आणि तिच्यासमोर उभं राहून मी सांगायचं, की मी...

"गाडी है हमारी," मी म्हणाले. "टाइम हो गया."

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आमची गाडी पाचला होती, आणि गाड्यांच्या वेळा मी कोणासमोर खोट्या सांगत होते तर बाबांसमोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून पास काढून माझ्या हातात दिला.

"तू सामान घेऊन चाल समोर. मी येतो."

स्टेशनवरच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये मी दोन पिशव्या, शाल आणि नारळ घेऊन बसले. बाहेर जाऊन पुन्हा आत येत होते. तीन वाजता वाटलं, अजूनही जाता येईल. चार वाजताही वाटलं. गेले नाही.

गाडी लागल्यावर बाबा आले. धोतराच्या काठाला चिखल होता, कपाळावर घाम. आम्ही जागेवर बसलो, गाडी सुटली, खिडकीतून समुद्र थोडा वेळ दिसला आणि घरांमागे गेला. तुनी स्टेशन येईपर्यंत मी विचारू शकले नाही. मग विचारलं, "काय सांगितलं तुमी?"

"नळावर उभा राहून सांगितलं. मी हिंदीत बोलो, थो तेलुगूत सांगे. म्हटलं, या मानसाची काही गलती नाई. मशीनमंधी आकडे गलत भरल्या गेले."

"कोनं भरले, हे इचारलं असन त्याइनं."

"इचारलं न." बाबांनी पिशवीतून संत्रं काढलं, सोलायला लागले. "म्हटलं, म्या भरले. रेल्वेचा आदमी हाव मी, मले दर्यातलं काय समजते? बुढ्याची गलती लोकाइले पटते. एक बाई दोन शब्द बोलली मले, थे मले समजले नाई. मंग तिनंच त्याच्या बायकोची घागर उचलून रांगेत आपल्या समोर ठेवली."

त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं, कारण न घेऊन काय सांगणार होते?

घरी आल्यावर आईने विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं. बाबा सगळ्यांना समुद्राच्या पाण्याची चव सांगतात, चिंचेचा भात सांगतात, डब्यातल्या फ्लॉपींचा किस्सा रंगवून सांगतात. त्या नळाबद्दल अवाक्षर नाही. प्रोग्राममध्ये मी चांदणी परत घातली आहे आणि सात नंबर पुन्हा समुद्रात आहे. पण तिथल्या त्या गल्लीत अजूनही लोकांना वाटत असेल की एका नागपूरच्या म्हाताऱ्याने आकडे चुकवले.

बाबांनी एकही आकडा भरला नव्हता. सगळे मी भरले होते.